मक्याची साखर, चवळीचे प्रथिन

वसुबारसेच्या संध्याकाळी गाय-वासराची पूजा झाली, की नैवेद्याला बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी असते. घरातल्या बायका त्या दिवशी गहू-मूग खात नाहीत. याच भाकरी-भाजीवर उपास सोडतात. या रीतीमागे पूर्वजांचे काही शास्त्र दडले होते, असा दावा मी करणार नाही. आपला प्रत्येक सण प्रयोगशाळेत नेऊन बसवण्याची हल्लीची हौस मला नाही. आश्विनात शेतात जे तयार असते ते ताटात आले, एवढेच. पण योगायोग पाहण्यासारखा आहे. बाजरी गवताच्या कुळातली, गवार शेंगांच्या. दोन्ही माणसाच्या ताटातही चालतात आणि गाईच्या दावणीतही. गाईला खरोखर लागणारी जोडी त्या एका पानात वाढलेली असते.

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्याच गाईपुढे एकट्या मक्याचा मुरघास पडतो.

गेल्या काही वर्षांत मुरघास आपल्याकडे घरोघर पोचला. सिमेंटचे बंकर झाले, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, मका उभा कापून कुट्टी करत जाणारी यंत्रे भाड्याने मिळू लागली. उन्हाळ्यात हिरव्या चाऱ्यासाठी वणवण करणाऱ्या दूध उत्पादकाला यामुळे मोठा आधार मिळाला, यात शंका नाही. पण या खड्ड्यांत नव्वद टक्के काय, बहुधा शंभर टक्के मकाच असतो. मक्यात ऊर्जा भरपूर, प्रथिने बेताची. ती तूट सरकी पेंडेच्या किंवा गोळी पेंडेच्या पोत्याने भरून काढायची आणि दुधाच्या पैशांतला मोठा वाटा पेंडवाल्याला द्यायचा, हे आता सवयीचे झाले आहे. हे प्रथिन शेतातच, मक्याच्या शेजारच्या ओळीत पिकवून त्याच खड्ड्यात टिकवता येईल का, हा या लेखाचा प्रश्न आहे. उत्तर ‘हो’ असेच आहे. पण ते ‘हो’ फुकट मिळत नाही, आणि त्याची किंमत आधी मोजली नाही तर खड्डा सडतो.

एकदल आणि द्विदल चारा एकत्र घेणे आपल्याला नवे नाही. ज्वारी-बाजरीच्या पेऱ्यात तिफणीमागे मोघे बांधून तूर, मटकी, हुलगा, चवळी टाकण्याची पद्धत जुनी आहे. सुगीनंतर ज्वारीचा कडबा गंजीला लागायचा. तुरीचे भुसकट आणि भुईमुगाचे वाळलेले वेल वेगळे राखून ठेवले जायचे. पावसाळ्याच्या तोंडावर बैलाला काम पडले, की कडब्यात हे वेल मिसळून द्यायचे. वाळलेल्या कडब्यात प्रथिने तीन-चार टक्क्यांच्या आसपास असतात, वेलांत त्याच्या दुपटीहून अधिक. शेतकऱ्याला टक्केवारी माहीत नव्हती, पण बैलाच्या अंगावरची चमक त्याला दिसत होती. पुढे बुटक्या संकरित ज्वारीने कडबा कमी केला, सोयाबीन आणि ऊस आले, भुईमूग मागे पडला आणि दावणीतला शेंगवर्गीय हिस्सा कोणाच्या लक्षात न येता निघून गेला. २०१२-१३ आणि २०१८-१९च्या दुष्काळांत ज्या चारा छावण्या उभ्या राहिल्या, त्यांत जनावरे बहुतांशी उसावर आणि उसाच्या वाढ्यांवर जगली. ऊसही गवतच. जीव वाचले ही गोष्ट लहान नव्हे. पण छावणीतून परतलेल्या गाई किती दिवस माजावर येत नव्हत्या, हे ज्यांच्या घरी गाई होत्या त्यांना विचारावे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आमटी-भातात जसे तांदळाचे आणि डाळीचे प्रथिन एकमेकांची उणीव भरून काढते, तसेच गाईचेही असते, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. गाईच्या पोटातला पहिला मोठा कप्पा म्हणजे सूक्ष्मजीवांची वसाहत असते. चाऱ्यातले बरेचसे प्रथिन हे जीव आधी फोडतात, त्यातले नत्र घेऊन स्वतःचे प्रथिन बांधतात आणि पुढे पोटात तेच पचते. म्हणजे गाईला चारताना आपण आधी या वसाहतीला चारत असतो. चाऱ्याच्या शुष्क भागात प्रथिने सात टक्क्यांच्या खाली गेली, की वसाहत उपाशी पडते. मग ढीगभर कडबा समोर असूनही गाय कमी खाते आणि खाल्लेले नीट पचत नाही. दिवसाला दहा-बारा लिटर दूध देणाऱ्या गाईला एकूण खुराकात बारा ते चौदा टक्के लागतात. मक्याच्या मुरघासात ती साधारण आठ टक्के असतात. लसूणघासात अठरा ते वीस, फुलोऱ्यातल्या चवळीत पंधरा ते अठरा.

मग नुसता लसूणघासच खड्ड्यात का भरू नये? हा शहाणपणा मी स्वतः एकदा करून पाहिला आहे. श्रावणात घासाची कापणी वाळेना, म्हणून ओलाच कुट्टी करून पिशव्यांत दाबून भरला. दोन महिन्यांनी पिशवी उघडली तेव्हा चारा शेवाळी, बुळबुळीत झाला होता आणि खवट लोण्यासारखा वास सुटला होता. गाईने तोंड फिरवले. तो वास दोन दिवस हाताचा गेला नाही. दोष पिशवीचा नव्हता, घासाचाही नव्हता. मी ज्या पद्धतीने मका भरत होतो त्याच पद्धतीने घास भरला, ही चूक होती.

खड्ड्यात काय घडते ते पाहिले, की ही चूक कळते. कुट्टी केलेला चारा दाबून हवा बाहेर काढली आणि झाकला, की उरलासुरला प्राणवायू काही तासांत संपतो. मग हवेविना जगणारे जिवाणू कामाला लागतात. त्यांतले दह्याच्या विरजणाच्या जातकुळीतले जिवाणू चाऱ्यातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्ल वाढते तसा चाऱ्याचा सामू उतरतो. तो चारच्या आसपास पोचला, की बाकीचे जिवाणू थंडावतात आणि चारा जणू लोणच्यासारखा टिकतो. सामू वेळेत उतरला नाही, तर मातीतून आलेले दुसरे जिवाणू वरचढ होतात. ते लॅक्टिक आम्ल खाऊन ब्युटिरिक आम्ल करतात आणि प्रथिने कुजवून अमोनिया सोडतात. खवट लोण्याचा वास तो हाच.

या शर्यतीत मका जन्मतःच पुढे असतो. त्याच्या ताटात विरघळणारी साखर भरपूर, आणि दाणा चिकात भरला असताना ओलावाही नेमका. लसूणघास किंवा चवळीचे उलटे. साखर कमी, पाणी जास्त. शिवाय या वनस्पतींत प्रथिने, चुना आणि सेंद्रिय क्षार इतके असतात, की तयार झालेले आम्ल त्या पिऊन टाकतात. तेवढाच सामू उतरवायला मक्याच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त आम्ल लागते. म्हणजे ज्याच्याकडे साखर कमी त्यालाच आम्ल जास्त हवे. नेमक्या ज्या गुणासाठी आपल्याला शेंगवर्गीय चारा पाहिजे, तोच त्याला खड्ड्यात टिकू देत नाही.

हा पेच एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी फार गांभीर्याने घेतला होता. आर्तुरी विर्तानेन हा फिनलंडचा रसायनशास्त्रज्ञ. तिथला हिवाळा सहा-सात महिने गोठ्याचे दार बंद ठेवणारा. त्या काळात गाईंना जे साठवलेले असेल त्यावरच जगायचे. मक्याच्या मुरघासावर फ्रान्समध्ये ऑग्युस्त गोफारने १८७७ साली पुस्तक लिहिले होते, पण फिनलंडच्या थंडीत तेव्हा मका कुठला? तिथे टिमोथी नावाचे गवत आणि लाल क्लोव्हर हा शेंगवर्गीय चारा मिसळून पेरत. विर्तानेन तिथल्या वालिओ या सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेचा प्रमुख होता, आणि शेंगवर्गीय मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र कसे धरतात हा त्याच्या अभ्यासाचा दुसरा विषय होता. क्लोव्हर जास्त पेरला तर देशाला बाहेरून खत आणि पेंड आणावी लागणार नाही, हे त्याला दिसत होते. अडचण एकच होती: क्लोव्हर मुरघासात सडतो. विरजणाच्या जिवाणूंना आम्ल करायला वेळ लागतो आणि तेवढ्यात प्रथिने कुजतात; तर मग आम्ल आपणच का घालू नये, असा त्याने विचार केला. सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्ल चाऱ्यावर शिंपडून त्याने सामू लगेच चारच्या खाली आणला. १९२०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत शेतावर गेली. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘एआयव्ही’ म्हणून ओळखली जाते. १९४५चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले, आणि मानपत्रात चारा टिकवण्याच्या या पद्धतीचा खास उल्लेख होता. गोठ्यातल्या खड्ड्यासाठी नोबेल, ही गोष्ट आपल्या कृषी पदवीच्या वर्गात पहिल्या दिवशी सांगायला हवी. पुढे याच माणसाने प्रथिने अजिबात नसलेल्या खुराकात नत्रासाठी नुसता युरिया आणि अमोनियाचे क्षार देऊन गाईंकडून दूध काढून दाखवले आणि १९६६ साली ते प्रयोग प्रसिद्ध केले. पोटातली वसाहत काय करू शकते, याचा याहून स्वच्छ पुरावा नाही.

आपल्याला आम्लाचे कॅन घेऊन खड्ड्यावर उभे राहायची गरज नाही. आपल्याकडे मका होतो. विर्तानेनने बाटलीतून जे घातले, ते आपल्याला मक्याच्या साखरेतून मिळते. मका आणि चवळी एकत्र कुट्टी होऊन खड्ड्यात पडली, की मक्याची साखर दोघांपुरते आम्ल तयार करते आणि चवळीचे प्रथिन त्या आम्लात टिकते.

आता शेताकडे वळू. द्विदल पीक शेजारच्या एकदलाला नत्र पुरवते, असे आपल्याकडच्या पत्रकांत ठोकून दिलेले असते. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतले नत्र धरतात, हे जर्मनीत हेलरीगेलने १८८६ साली दाखवून दिले. ते खरेच आहे. पण ते नत्र चवळी स्वतःसाठी वापरते. सत्तर-ऐंशी दिवसांच्या हंगामात शेजारच्या मक्याला त्यातले फार थोडे मिळते. मुळे, गाठी आणि पाला कुजल्यावर त्याचा लाभ पुढच्या पिकाला होतो. चालू हंगामातला फायदा निराळा आहे: चवळी जमिनीतल्या नत्रावर तुटून पडत नाही, ते मक्याला सोडते. याचा एक उलटा अर्थ असा, की मिश्र पिकाला युरियाच्या गोण्या ओतल्या तर गाठी आळसावतात, मका उंच होऊन सावली धरतो आणि चवळी पिवळी पडून तळाशी राहते. नेहमीचा मक्याचा डोस देऊन वर चवळी पेरणाऱ्याचा अनुभव वाईट येतो तो यामुळे.

मिश्र पिकाचा हिशेब मांडायची एक सोपी रीत मीड आणि विली या दोघांनी १९८० साली रूढ केली. तेवढेच दोन्ही चारे वेगवेगळे पिकवायला किती जमीन लागली असती, हे पाहायचे. समजण्यापुरते आकडे घेऊ. एका हेक्टरात नुसता मका ४० टन हिरवा येतो आणि नुसती चवळी २५ टन. मिश्र पेऱ्यात मका २८ टन आणि चवळी १२ टन आली. वेगळे पिकवायचे तर मक्याला ०.७० हेक्टर आणि चवळीला ०.४८ हेक्टर, म्हणजे एकूण १.१८ हेक्टर लागले असते. वजनकाट्यावर तेच ४० टन, पण जमिनीचे काम अठरा टक्क्यांनी वाढले.

कागदावरचा हिशेब इथे थांबवला तर फसवणूक होईल. कापणीच्या वेळी मक्यात शुष्क भाग तीस टक्क्यांच्या घरात असतो, चवळीत अठराच्या. नुसत्या मक्याचा शुष्क चारा १२ टन भरतो, मिश्र पिकाचा साडेदहा. चारा दीड टनाने घटला. प्रथिने मात्र ९६० किलोंवरून हजाराच्या थोडी वर गेली आणि मुरघासातले त्यांचे प्रमाण आठवरून पावणेदहा टक्क्यांच्या आसपास आले. गाय दिवसाला आठ किलो शुष्क वजनाचा मुरघास खात असेल, तर तिला सुमारे १४० ग्रॅम जादा प्रथिन मिळाले. सरकी पेंडेत ते बावीस टक्के धरले, तर साडेसहाशे ग्रॅम पेंडेचा ऐवज. पाच गाई, शंभर दिवस: सव्वातीन क्विंटल. पेंडेचा भाव वाचकाने आपल्या गावचा घालावा. पेंड पूर्ण बंद होईल असे मात्र कोणी समजू नये. मुरतानाही प्रथिनांचा काही भाग मोडतो, आणि चवळीत मक्याच्या दाण्यातली पिठूळ ऊर्जा नाही. ज्याच्याकडे गाईचे पोट भरण्याइतकाच चारा नाही त्याने नुसता मका करावा. ज्याचे पोटापुरते भागते पण दुधाचे पैसे पेंडेत जातात, त्याच्यासाठी हा मार्ग आहे.

करायचे कसे, यात दोन-तीनच गोष्टी खऱ्या महत्त्वाच्या आहेत. मका ‘आफ्रिकन टॉल’सारखा चाऱ्याचा घ्यावा, चवळी दाण्याची नव्हे तर पसरणारी, पाल्याची. मक्याच्या दोन ओळींनंतर चवळीची एक ओळ, ही मांडणी बहुतेक ठिकाणी चालते. बी एकत्र कालवून फेकू नये. मूठभर चवळी विखरून चमत्काराची वाट पाहणारे मी बरेच पाहिले आहेत. हिरव्या वजनात तिचा हिस्सा चौथाईच्या खाली गेला, तर खड्ड्यात तिचा पत्ताही लागत नाही.

खरी कसोटी कापणीच्या दिवसाची. मक्याचा दाणा चिकात भरतो तेव्हा चवळी फुलोरा ओलांडून शेंगांवर आलेली असते. चवळीसाठी लवकर कापले तर मका पाणचट आणि खड्ड्याच्या तळाला रस साचतो. अशा वेळी मक्याचेच ऐकावे, कारण खड्डा तो टिकवणार आहे. चवळी थोडी जून झाली तरी तिचा पाला हिरवा असतो. कापल्यावर सकाळचा चारा दुपारपर्यंत शेतातच सुकू द्यावा. कुट्टी मुठीत घट्ट दाबून पाहावी. बोटांतून पाणी गळले तर अजून ओली आहे. मूठ उघडताच गोळा चटकन विस्कटला तर जादा सुकली. गोळा हळूहळू उलगडला आणि तळहात नुसता ओलसर झाला, की भरायला घ्यावे. एक ट्रॉली मक्याची आणि एक चवळीची असे थर देऊ नयेत, नाहीतर चवळीचा थर आपल्या जागी वेगळाच सडतो. दोन्ही यंत्रातच मिसळले पाहिजे. खड्ड्यात युरिया टाकण्याचा सल्लाही ऐकू येतो. नुसत्या मक्यात तो एक वेळ चालतो, पण तोही आम्ल खातो; चवळी असताना टाकणे म्हणजे विरजणाची वाट अडवणे.

वाळवून ठेवायच्या चाऱ्यातही हीच जोडी कामाला येते, फक्त कारण निराळे. लसूणघासाचे देठ वाळेपर्यंत पाने कोरडी होऊन झडतात, आणि प्रथिन तर पानातच असते. गोळा करताना हाती काड्या उरतात. सोबत ओट असला तर ढीग पोकळ राहतो, हवा खेळते आणि झडलेला पाला बराचसा त्यात अडकतो. ताज्या लसूणघासाने होणारी पोटफुगीही गवताच्या सोबतीने कमी होते.

एवढे असून हे सर्वत्र का होत नाही? शेतकऱ्याच्या अज्ञानाला दोष देणे सोपे आहे, आणि ते खोटे आहे. चवळीचे वेल मक्याला विळखा घालतात आणि ओळीतला मका कापणाऱ्या यंत्रात अडकतात. यंत्रवाला अशा शेतात यायलाच तयार नसतो. ज्याच्याकडे विळा, मजूर आणि साधी कडबाकुट्टी आहे त्याला हे जमते, मोठ्या खड्डेवाल्याला नाही. चाऱ्याच्या चवळीचे चांगले बी वेळेवर मिळत नाही. आणि तिसरे कारण सर्वांत मोठे: मुरघासाची पिशवी विकली जाते वजनावर. प्रथिन तपासून दर ठरवणारा गिऱ्हाईक अजून बाजारात नाही. जो विकण्यासाठी मुरघास करतो त्याने चवळी का पेरावी? म्हणून सध्या तरी ही जोडी ज्याचा खड्डा त्याचीच गाय, अशाच घरात टिकते.

दिवाळीनंतर लगेच हा प्रयोग करायला कोणी निघाला, तर त्याला थांबवले पाहिजे. चवळीला थंडी सोसत नाही. कार्तिकात पेरली तर ती खुरटी राहील आणि मका तिच्यावरून निघून जाईल. या रब्बीला ओट आणि लसूणघास पेरावा, फुलोऱ्यात कापून वाळवावा किंवा चांगला सुकवून थोडा मुरवून पाहावा. चवळीचे बी मात्र आताच शोधून ठेवावे. फेब्रुवारीच्या मध्याला थंडी ओसरली आणि विहिरीत पाणी असले, की दहा गुंठ्यांत मक्याबरोबर ती पेरावी. तेवढ्यात दोन-तीन पिशव्या भरतील. त्या मृगाच्या आधी उघडू नयेत.